कामावर मन डळमळतं तेव्हा: शंका कागदावर आणायची पद्धत

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याचं डिस्पॅच पाहणारी मुलगी, पतसंस्थेत नुकताच कॅशवर बसू लागलेला मुलगा, मोठ्या दवाखान्यात रात्रपाळी करणारी नर्स, शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटमधले कटिंग मास्तर. कामं वेगवेगळी, पण डोक्यात फिरणारी वाक्यं बरीचशी सारखी. ‘आपल्याला हे झेपत नाही.’ ‘मला काही येत नाही हे एक दिवस सगळ्यांना कळणार.’ ‘बाकीचे किती पटकन शिकले, मीच मागे राहिलो.’ ही वाक्यं कुणी मोठ्यानं बोलत नाही. चहाच्या टपरीवर पगार, बदली, साहेबांचा स्वभाव यावर तासभर गप्पा होतात, पण ‘माझा स्वतःवर भरवसा राहिला नाही’ हे तिथे निघत नाही. म्हणून प्रत्येकाला वाटतं, हे फक्त माझंच चाललंय.

त्यातून कुणी बोललंच, तर मिळणारा सल्ला ठरलेला असतो. टेन्शन घेऊ नकोस, चांगला विचार कर. सांगणाऱ्याची माया खरी असते, पण उपाय बरेचदा उलटा पडतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना स्वतःविषयीचं कौतुकाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्यावर बरं वाटण्याऐवजी थोडं वाईटच वाटलं. यात नवल नाही. जे वाक्य आपल्यालाच खोटं वाटतं ते घोकायला लागलं की मन त्याच्याविरुद्धचे दाखले काढत बसतं.

माझं म्हणणं वेगळं आहे. शंकेशी मनातल्या मनात भांडू नका आणि तिला गोड बोलून झोपवूही नका. ती कागदावर आणा, तपासा, आणि तिच्यात जेवढं खरं निघेल तेवढं कामाला लावा. याला काही आठवडे लागतात. पैसे मात्र एका शंभर पानी वहीपुरतेच लागतात.

आधी फक्त लिहा

१९६० च्या दशकात अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करत होते. घटना घडते आणि मन खट्टू होतं, या दोहोंच्या मधे एक विचार झर्रकन येऊन जातो आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो, हे त्यांच्या लक्षात आलं. अशा विचारांना त्यांनी ‘आपोआप येणारे विचार’ म्हटलं. त्याच्या थोडं आधीपासून अल्बर्ट एलिस सांगत होते की घटनेपेक्षा घटनेबद्दलची आपली समजूत आपल्याला जास्त त्रास देते. एलिस यांची ही विवेकनिष्ठ पद्धत मराठी माणसांपर्यंत पोचवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. पुढच्या साऱ्या पायऱ्या या विचारांवरच उभ्या आहेत. फक्त त्या मी आपल्या कामाच्या जागांना जुळवून घेतल्या आहेत.

वहीच्या पानावर चार रकाने आखा. पहिल्यात काय घडलं. दुसऱ्यात त्या क्षणी डोक्यात आलेलं वाक्य, जसंच्या तसं. तिसऱ्यात काय वाटलं (लाज, भीती, राग) आणि ते शंभरापैकी किती. चौथ्यात, त्यानंतर तुम्ही काय केलं किंवा काय करायचं टाळलं.

हा चौथा रकाना बरेच जण मोकळा सोडतात, आणि खरं नुकसान तर तिथेच लिहिलेलं असतं. पार्टीला फोन करायचा होता, केला नाही. मीटिंगमध्ये विचारायचं होतं, गप्प बसलो. रिपोर्ट तयार होता, पण आणखी एकदा बघून देऊ म्हणत तीन दिवस ठेवला. कामावरचा आत्मविश्वास अशा टाळाटाळीनं रोज थोडा थोडा झिजतो. एखाद्या मोठ्या अपयशानं तो एकदम गेला, असं क्वचितच घडतं.

वाक्य लिहिताना ते शुद्ध करू नका. सोलापुरात माणूस ऑफिसात मराठी बोलतो, पण शहराच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत मन तेलुगूत बोलतं, अक्कलकोटकडून येणाऱ्याचं कन्नडमध्ये, आणखी कुणाचं दखनी उर्दूत. ज्या भाषेत आलं त्याच भाषेत उतरवा. ‘माझ्यात कम्युनिकेशन स्किल्स कमी आहेत’ हे बायोडेटातलं वाक्य झालं. मनात आलेलं खरं वाक्य बहुधा ‘मी तोंड उघडलं की सगळे हसतात’ असं असतं. तपासता येतं ते हे दुसरं.

शक्यतो तेव्हाच्या तेव्हा टिपा. मागाच्या खडखडाटात किंवा वॉर्डात वही काढता येत नसेल, तर चिठ्ठीच्या मागे दोन शब्द खरडून ठेवा आणि संध्याकाळी वहीत चढवा. पहिला आठवडा नुसतं लिहायचं. काहीही सुधारायचं नाही, स्वतःला समजावायचंही नाही. आठवडा संपला की सगळी पानं एकदम वाचा. शंका नेहमी त्याच दोनतीन जागी उगवताना दिसतील: एका विशिष्ट माणसासमोर, इंग्रजीत काही लिहायची वेळ आली की, किंवा महिन्याअखेर हिशेब जुळवताना. दिवसभर सगळीकडे पसरल्यासारखी वाटणारी गोष्ट खरं तर काही ठरावीक जागांपुरती आहे, एवढं कळलं तरी निम्मा भार हलका होतो.

घडलेलं वेगळं, लावलेला अर्थ वेगळा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

समजा, ती डिस्पॅचवाली मुलगी. निर्यातीच्या मालाच्या पॅकिंग लिस्टमध्ये तिच्याकडून एका रंगाच्या कार्टनचा आकडा चुकला. गाडी भरताना मोजणीत ते लक्षात आलं, लिस्ट पुन्हा काढावी लागली, गाडीला दीड तास उशीर झाला. मॅनेजर चारजणांसमोर म्हणाले, ‘जरा लक्ष देऊन काम करत जा.’ तिनं वहीत लिहिलं: ‘मी या कामाच्या लायकीचीच नाही. आता मला काढणार.’ लाज, शंभरापैकी नव्वद. चौथा रकाना: दुपारी डबा एकटीनं खाल्ला, साहेबांना पुढच्या ऑर्डरचं विचारायचं टाळलं.

आता नव्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे फक्त तेवढंच लिहायचं, जे कारखान्यातल्या सीसीटीव्हीत दिसलं आणि ऐकू आलं असतं. आकडा चुकला. लिस्ट पुन्हा छापली. गाडी दीड तास उशिरा सुटली. साहेब एक वाक्य बोलले. संपलं. ‘लायकी नाही’ कॅमेऱ्यात दिसत नाही, ‘काढणार’ हेही ऐकू आलेलं नाही. ती दोन्ही वाक्यं उजवीकडे जातात, कारण ती तिनं जोडलेली आहेत.

मग उजवीकडच्या प्रत्येक वाक्याला प्रश्न विचारायचे. याच्या बाजूनं पुरावा काय? आकडा खरंच चुकला, हा पुरावा आहे आणि तो प्रामाणिकपणे लिहायचा. याच्याविरुद्ध काय? आजवर गेलेल्या गाड्यांच्या लिस्ट फाइलला आहेत, त्या काढून बघायच्या. आठवणीवर विसंबायचं नाही, कारण मन खाली असताना आठवणही तशाच निवडून येतात. नंतर तिसरा प्रश्न: हीच चूक शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडून झाली असती, तर मी तिला काय म्हणाले असते? इथे बहुतेकांची लेखणी थबकते, कारण दुसऱ्याला आपण इतकं कठोर कधीच बोलत नाही. शेवटचा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो: या सगळ्यातून निघणारं, खरं असलेलं छोट्यात छोटं वाक्य कोणतं?

तिचं वाक्य असं काहीसं निघेल: ‘रंगवार बेरीज शेवटी पुन्हा मोजली नाही म्हणून एक आकडा चुकला. असं माझ्याकडून क्वचित होतं. साहेब चिडले, पण दुपारची गाडी त्यांनी मलाच दिली.’

हे वाक्य गोड नाही. चूक त्यात जशीच्या तशी आहे. फक्त चुकीवरून दिलेला निकाल गेला आहे. आता लाज किती, तर नव्वदवरून पन्नासवर. पन्नास पुष्कळ झाले. शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. चुकीची थोडी टोचणी राहिली, तर पुढच्या वेळी बेरीज पुन्हा मोजली जाते.

असं दहाबारा वेळा केलं की स्वतःच्या मनाच्या ठरलेल्या खोडी ओळखू येतात. एक खोड म्हणजे दुसऱ्याचं मन वाचल्याचा समज: ‘साहेबांनी वर बघितलं नाही, म्हणजे ते नाराज आहेत.’ साहेबांच्या घरी कुणी आजारी असेल, हे सुचतही नाही. दुसरी, सगळं किंवा काहीच नाही: दहातली नऊ कामं चोख झाली, पण दिवस वाया गेला. तिसरी, कृतीवरून माणसावर उडी मारणं. ‘आकडा चुकला’ इथे न थांबता ‘मी वेंधळी’ असं नाव ठेवून मोकळं होणं. माझ्या मते कामाच्या ठिकाणी ही तिसरी सर्वांत घातक, कारण एकदा चिकटलेलं नाव सुधारता येत नाही, फक्त सोसता येतं. चुकलेली बेरीज मात्र पुन्हा मोजता येते.

खरा भाग कामाला लावा

शंकेत काहीच खरं नसतं असं समजणं हीदेखील फसवणूकच. बऱ्याच शंकांच्या पोटात एखादी शिकायची राहून गेलेली गोष्ट असते. ज्वारी पाखडताना भूसा उडवून दाणा सुपात ठेवतात, तसं इथे करायचं. ‘मी बावळट आहे’ हे उडवून लावायचं. ‘मला एक्सेलमध्ये दोन याद्यांची तुलना करता येत नाही’ हे ठेवायचं. दुसऱ्या वाक्याला इलाज आहे.

१९७७ साली अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञांनी ‘हे मला जमेल’ हा विश्वास कशातून येतो याची मांडणी केली. त्यांनी चार वाटा सांगितल्या: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या कुणाला ते जमताना पाहणं, विश्वासातल्या माणसानं ‘तुला जमेल’ म्हणणं, आणि त्या वेळची शरीराची अवस्था. यांत सर्वांत भक्कम पहिली. म्हणजे विश्वास आला की काम करू, असं म्हणून थांबणाऱ्यानं क्रम उलटा लावलेला असतो. काम थोडं केल्यावर विश्वास येतो.

यात आपल्याकडे सर्वाधिक आढळणारा दाणा म्हणजे इंग्रजी. मराठी, तेलुगू किंवा उर्दू माध्यमातून शिकलेली, कामात पक्की असलेली मुलं एका इंग्रजी मेलपाशी गळपटतात. बायरचा मेल आला की छातीत धडधडतं. यावर ‘स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव’ हा सल्ला फार ढोबळ आहे. त्याऐवजी गेल्या दोन महिन्यांतले तुमच्या टेबलावरचे सगळे मेल काढून बघा. विषय मोजकेच असतात: माल कधी निघणार, रेट किती, नमुना मिळाला का, पैसे बाकी आहेत, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. प्रत्येक विषयाचा एकेक चांगला मेल, आपल्याच ऑफिसातून गेलेला, वहीत उतरवून घ्या. नवा मेल लिहिताना आधी मराठीत ठरवा की समोरच्याला नेमकं काय कळायला हवं, मग त्या नमुन्यात नाव, तारीख, आकडा बदला. वाक्यं छोटी ठेवा. मोबाइलवर भाषांतर करून घ्यायला हरकत नाही, पण आकडे आणि तारखा डोळ्यांनी ताडून पाहिल्याशिवाय पाठवू नका. काही आठवड्यांत हे नमुने हातात बसतात आणि मेल हा भीतीचा विषय राहत नाही. बोलण्याची भीती वेगळी, तिला वेळ लागतो. पण रोजचा मेल सुटला की तिच्यासाठी जीवात थोडी ताकद शिल्लक राहते.

बांदुरा यांची दुसरी वाट आपल्याकडे सहज मिळण्यासारखी आहे, तरी आपण ती वापरत नाही. प्रत्येक कारखान्यात, बँकेत, दवाखान्यात तुमच्यासारख्याच घरातून आलेलं आणि आज ते काम लीलया करणारं कुणीतरी असतं. एखादे अण्णा, एखाद्या आक्का. त्यांच्याकडे जाऊन ‘मला काही जमत नाही’ असं मोघम रडगाणं लावलं, तर ते बिचारे काय करणार? नेमकं मागा. ‘अण्णा, जीएसटीची ही नोंद तुम्ही करता तेव्हा मी दहा मिनिटं शेजारी बसून बघू का?’ जुनी माणसं अशा विचारण्यानं खूश होतात. आणि एकदा हेही विचारा की सुरुवातीला त्यांना काय जड गेलं होतं. ते ऐकणं मोलाचं असतं.

भाकीत लिहा, मग करून पाहा

कागदावर विचार बदलला तरी पोटातली भीती कधी कधी हलत नाही. तिला अनुभवच लागतो.

जे टाळत आहात, त्यातली एक लहान गोष्ट निवडा. करण्याआधी वहीत लिहा: काय होईल असं वाटतंय आणि ते होण्याची खात्री किती टक्के. ‘सोमवारच्या मीटिंगमध्ये मी प्रश्न विचारला, तर सगळे हसतील, ७० टक्के.’ मग प्रश्न विचारा. त्याच दिवशी शेजारी लिहा: खरोखर काय झालं. बहुतेक वेळा घडलेलं इतकं साधं असतं की लिहायलाही फारसं काही सापडत नाही. कुणी उत्तर दिलं, कुणी मोबाइल बघत होतं, मीटिंग पुढे गेली. कधी खरंच कुणी हसतं. तेव्हाही लिहा, आणि पुढे हे जोडा: मग काय झालं? हसण्यानंतरही आपण तिथेच होतो आणि उत्तर मिळालं, ही नोंद सगळ्यांत किमती.

सुरुवात अशा जागी करा जिथे भीती आहे पण हातपाय गळत नाहीत. एकदम मालकांसमोर सादरीकरणाला उभं राहून सुरुवात करू नका. आधी शेजारच्या सहकाऱ्याला मत सांगा, मग चारजणांत एक प्रश्न विचारा, मग मीटिंगमध्ये दोन मिनिटांची माहिती द्या. एक पायरी कंटाळवाणी वाटेपर्यंत पुढची चढू नका.

घरी आल्यावरही डोकं चालूच राहतं

दिवस कसाबसा जातो, पण रात्री साडेदहाला अंथरुणावर पडलं की दुपारचा प्रसंग पुन्हा सुरू होतो. इथे एक खूण लक्षात ठेवा. विचार करून शेवटी ‘उद्या अमुक करीन’ असं काही हाती लागत असेल, तर तो विचार कामाचा. अर्ध्या तासानंतरही जिथून सुरू झालं तिथेच असाल, तर ते नुसतं उगाळणं आहे. आणि ते ‘विचार करू नकोस’ म्हणून थांबत नाही.

त्याला वेळ ठरवून द्या. अमेरिकेतल्या थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ही पद्धत मांडली. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजीचा. दिवसभरात काळजी आली की तिचं नाव टिपायचं आणि ‘साडेसहाला बघू’ म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. त्या अर्ध्या तासात मनसोक्त काळजी करायची आणि वेळ संपली की उठायचं. जागा मात्र अंथरूण नको, आणि जेवायचं टेबलही नको. सिद्धेश्वर तलावाच्या काठी, कंबर तलावाशी, घराच्या गच्चीवर, कुठेही चालेल. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळची वेळ उशिरा ठेवा किंवा सरळ पहाटे फिरायला जाऊन तिथेच हे उरकून टाका. ठरलेल्या वेळी बसल्यावर दुपारच्या निम्म्या काळज्यांत काही दम उरलेला नसतो, हा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

शरीराचंही बघा, कारण बांदुरा यांची चौथी वाट तीच. चार तास झोपून, दुपारचं जेवण चुकवून, चहावर चहा घेत काढलेल्या दिवशी मनाला जे वाटतं, त्यावर स्वतःची लायकी ठरवायची नाही. रात्रपाळीवाल्यांनी तर मोठे निर्णय पाळी संपल्यावर लगेच घेऊच नयेत. राजीनाम्याचा मेसेज टाइप झाला असेल, तर झोप झाल्यावर पुन्हा वाचा.

नशिबाला दिलेलं श्रेय परत घ्या

काहींची अडचण वेगळीच असते. काम उत्तम होतं, बढती मिळते, तरी वाटतं की हे नशिबानं झालं, लोकांची फसगत झाली आहे. पॉलीन क्लान्स आणि सुझान इम्स यांनी १९७८ साली याचं वर्णन केलं. ज्यांच्यावरून केलं, त्या शिक्षणात आणि पेशात वरच्या पायरीवर पोचलेल्या स्त्रिया होत्या. म्हणजे ही भावना असणं हा अंगात गुण नसल्याचा पुरावा होत नाही. घरातून पहिल्यांदा ऑफिसच्या खुर्चीवर बसलेल्यांना ती जास्त छळते असं मला दिसतं. आई विड्या वळणारी, वडील मागावर, आणि मुलगी बँकेत ऑफिसर. ‘ही जागा आपली नव्हेच’ हे तिला रोज वाटतं, कारण त्या जागेवर आपल्यातलं कुणी बसलेलं तिनं कधी पाहिलेलं नसतं.

वही उलटी करून मागच्या पानापासून दुसरी नोंद सुरू करा. झालेलं काम, त्यात माझं स्वतःचं काय होतं, आणि कुणी काही म्हटलं असेल तर ते शब्द. ‘ग्राहकाची तक्रार मिटली’ एवढंच नको. ‘मी त्यांच्या खात्याच्या सहा महिन्यांच्या नोंदी काढून फरक शोधला, म्हणून मिटली’ असं हवं. आठवड्याला दोनतीन नोंदी पुरेत. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी हीच पानं साहेबांसमोर ठेवता येतात, हा आणखी एक फायदा.

पुण्याला गेलेले आणि इथे राहिलेले

सोलापुरात या शंकेला एक खास धार आहे. शिकलेला मुलगा म्हणजे पुण्याला गेलेला, असं समीकरण घराघरांत पक्कं आहे. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, सगळे गावी येतात, होम मैदानावर भेट होते, आणि दुसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, ‘सध्या कुठंयस? पॅकेज किती?’ इथे राहून मनापासून काम करणारा त्या एका प्रश्नानं चार दिवस खचतो.

याला मी कागदाचाच उपाय सांगेन. तुलना करायचीच, तर पुरी करा. पॅकेजसमोर तिथलं भाडं, प्रवासाचे तास, आईवडिलांपासूनचं अंतर लिहा. तुमच्या पगारासमोर इथला खर्च, घरचा आधार, कामात मिळणारी जबाबदारी लिहा. कित्येकदा दिसतं की सोलापुरातल्या छोट्या युनिटमध्ये खरेदीपासून डिस्पॅचपर्यंत सगळं एका माणसाच्या हाताखालून जातं, आणि मोठ्या कंपनीत त्याच वयाचा मित्र एकाच कामाचा तुकडा सांभाळत असतो. कधी याच्या उलटही निघेल: इथे शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. तसं निघालं तर ते मान्य करा आणि तारीख घालून तयारीला लागा. जायचं की राहायचं हे तुम्ही ठरवा. होम मैदानावरच्या एका प्रश्नानं ते ठरू नये, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

साहेबांना विचारायचं कसं

‘माझं काम ठीक आहे ना?’ असं विचारलं की ‘हो, चालू दे’ एवढंच मिळतं आणि शंका तशीच राहते. एकच गोष्ट विचारा, आणि साहेब घाईत नसताना. ‘सर, या महिन्यात माझ्या कामातली कोणती एक गोष्ट सुधारली तर तुम्हाला सोपं जाईल?’ उत्तर ऐकताना खुलासे देऊ नका, लिहून घ्या. पंधरा दिवसांनी जाऊन सांगा, ‘तुम्ही म्हणालात तसं करून बघितलं, आता कसं वाटतंय?’ चूक झाली असेल, तर तिची खबर साहेबांना तुमच्याकडूनच पहिल्यांदा मिळावी. काय झालं, आत्ता काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, ही तीन वाक्यं पुरतात. चारदा माफी मागण्याची गरज नाही.

दोष मनाचा नसतो तेव्हा

वही लिहिताना एखाद्याला दिसेल की डावीकडचा रकानाच भयंकर आहे. रोज चारचौघांत अपमान, जातीवरून किंवा भाषेवरून टोमणे, शिकवायचं काहीच नाही आणि चुकलं की पगारकपात, नगावर पैसे असताना कारण न सांगता बाजूला काढलेला माल. इथे विचार सुधारत बसणं हा स्वतःवर अन्याय आहे. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं हे लिहून ठेवा. माल नापास झाला तर कारण विचारा, आणि एकटीनं विचारण्यापेक्षा चौघींनी मिळून विचारा. संघटना असेल तर तिच्याकडे जा. दुसरी नोकरी शोधणं हाही मार्गच आहे, त्यात हार नाही.

स्त्रियांना लैंगिक छळ सोसावा लागत असेल, तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्याहून लहान जागी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, म्हणून वाट बघत बसू नका.

डॉक्टरांकडे कधी

दोन आठवडे उलटून गेले तरी मन सतत उदास, आवडीच्या गोष्टीही नकोशा, झोप किंवा भूक बिघडलेली, कामावर जाण्याच्या विचारानंच हातापायांना घाम सुटतो, अशी अवस्था असेल तर वहीवर थांबू नका. मरणाचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती चोवीस तास आणि मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.

सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथल्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जायचं असेल, तर तेही बरोबर. थायरॉइडचा त्रास, रक्त कमी असणं, बी-१२ कमी होणं यांनीही थकवा आणि उदासी येते, तेव्हा त्या तपासण्यांबद्दल त्यांना विचारा.

जाताना वही बरोबर न्या. गर्दीच्या ओपीडीत ‘कसंतरीच वाटतं’ याच्यापुढे बोलणं सरकत नाही. लिहिलेली चार पानं समोर ठेवली की डॉक्टरांना पटकन अंदाज येतो. औषध सुरू झालं, तर ते लागू पडायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्तही लागतात, हे आधीच माहीत असू द्या. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून, किंवा महिन्याभरानं बरं वाटलं म्हणून, गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून डोस बदलून घेता येतो.